नथूच्या गाडीची घड्याळं

बहिरूचा जन्म कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला. कुडाच्या दहा-अकरा झोपड्या, उतारावर नाचणी-वरईची वावरं आणि समोर उघडी दरी, एवढीच ती वाडी. बापानं हयातभर डोक्यावरून मोळ्या वाहून खंडाळ्याच्या बंगल्यांत टाकल्या. बहिरूनंही तेच केलं असतं. पण एका बंगल्यात मोळी टाकायला जाता जाता तो तिथल्या साहेबाची मोटारसायकल पुसायला लागला, पुसता पुसता तिचे नट-बोल्ट ओळखायला लागला, आणि विशी उलटायच्या आत सखाराम मिस्त्रीच्या गॅरेजात पाना धरून उभा राहिला. लिहिणं-वाचणं त्याला कधी आलं नाही. आकडे मात्र तो गाड्यांच्या घड्याळांवरून शिकला.

घड्याळं म्हणजे वेळेची नव्हेत. मोटारसायकलच्या दिव्याच्या टोपावर दोन तबकड्या असत. एक मोठी, ती वेग दाखवायची. दुसरी छोटी, तिचा काटा बॅटरीत वीज भरतेय की बॅटरीतून वीज जातेय ते सांगायचा; भरताना उजवीकडं, जाताना डावीकडं, आणि दोन्ही नसलं की मधोमध. गॅरेजात त्यांना मोठं घड्याळ आणि छोटं घड्याळ म्हणत.

सखारामचं गॅरेज घाट चढून आल्यावर खंडाळ्याच्या सुरुवातीलाच होतं. चढून आलेल्या गाड्या तिथं धापा टाकत थांबायच्या आणि उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासून घ्यायला थांबायच्या. बहिरूला फटफटीचा नुसता आवाज ऐकून दुखणं कळायचं. हळूहळू गिऱ्हाईकं मिस्त्रीला सोडून त्यालाच हाक मारायला लागली.

त्यांतलाच एक सोमाटण्याचा नथू मुऱ्हे. कोंडाजी मुऱ्ह्यांचा मुलगा. घरची भातशेती चांगली होती, पण नथूचं मन यंत्रात. तो खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. आठवडाभर खाली राहायचा, शनिवारी घाट चढून घरी यायचा आणि रविवारी संध्याकाळी रात्रपाळीसाठी परत उतरायचा. बापानं हौसेनं घेऊन दिलेली नवीकोरी मोटारसायकल होती त्याच्याकडं. जाता-येता गॅरेजात थांबून बहिरूबरोबर चहा प्यायचा, हा त्याचा नेम. वाडीच्या माणसाशी कुणी बरोबरीनं बसून बोलत नसे त्या काळात, नथू बसायचा. इंजिनाची गोष्ट निघाली की दोघांना वेळेचं भान राहत नसे.

सहासष्ट सालच्या भाद्रपदातला रविवार. दुपारपासून घाटातून धुकं वर येत होतं. बहिरूच्या घरी त्या दिवशी बायकोच्या माहेरची माणसं यायची होती, म्हणून त्यानं काम लवकर आवरलं. हौदापाशी बसून साबणानं हात धुतले. ग्रीसचे हात धुवायचे म्हणजे अर्धा तास जातो. नखं, कोपरं, सगळं घासून त्यानं हात स्वच्छ केले आणि तो निघणार तेवढ्यात नथूची गाडी दारात थांबली.

"बहिरू, जरा बघ रं," नथू म्हणाला. "छोट्या घड्याळाचा काटा मधीच मधोमध येऊन पडतोय. अन् त्यो पडला की दिवा बी मिचकावतो."

बहिरूनं गाडीकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं.

"काटा खोटं बोलतो, नथूभाऊ," तो हसून म्हणाला. "खड्ड्यानं हलत आसंल. तुमी काट्याकडं बघू नका, रस्त्याकडं बघा. शनवारी येताल तवा उघडून बघतो."

नथूही हसला. "तू म्हन्तोस तर खोटंच बोलत आसंल." त्यानं किक मारली. धुक्यात मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरू गॅरेजात आला तेव्हा रस्त्यावर माणसं जमलेली होती. घाटाच्या एका वळणावर कठडा तोडून नथूची गाडी खाली गेली होती. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. उजाडल्यावर एका ट्रकवाल्याला कठड्याचा दगड निखळलेला दिसला, म्हणून त्यानं खाली वाकून पाहिलं. गाडी कारवीच्या जाळीत अडकली होती आणि नथू तिच्याही खाली दगडावर पडला होता. रात्रभर तिथंच होता तो.

प्रेत वर आणल्यावर गाडी काढायला दोर बांधून बहिरूलाच खाली उतरवलं. चाकं वाकली होती, दिव्याची काच फुटली होती, पण दोन्ही घड्याळं शाबूत होती. मोठ्या घड्याळाचा काटा नव्वदवर अडकून राहिला होता. बहिरूनं सवयीनं गिअर न्यूट्रलला टाकायला पाय लावला. गिअर हलेना. गाडी दुसऱ्या गिअरात होती.

दुसऱ्या गिअरात ती गाडी पन्नाशीसुद्धा गाठत नाही. उतारावर जीव मुठीत धरून, गाडी आवरून धरत उतरणाऱ्या माणसाचा तो गिअर. बहिरूला ते तिथंच, कारवीत उभ्या उभ्या कळलं.

गाडी वर ओढल्यावर माणसं तिच्याभोवती वाकून बघत होती. "नव्वद," कुणीतरी म्हणालं. "धुक्यात नव्वदीनं उतरत व्हता." दुपारपर्यंत ही गोष्ट लोणावळ्यात पोचली आणि दिवेलागणीला सोमाटण्यात. वाटेत तिला आणखी फाटे फुटले. कुणी म्हणालं प्यायला होता. कुणी म्हणालं पैज लावली होती.

बहिरूनं बोलायला तोंड उघडलं होतं. पण मग कुणी विचारलं असतं, की वेगात नव्हता तर पडला कसा? मग दिव्याची गोष्ट निघाली असती. मग, जाताना तो तुझ्याकडं थांबला होता ना, असं कुणी म्हणालं असतं. त्यानं तोंड मिटलं. उद्या सांगू म्हणाला, आणि तो उद्या दोन वर्षं उजाडला नाही.

सोमाटण्याकडून येणाऱ्या दूधवाल्यांकडून त्याला तिकडच्या गोष्टी कळत. कोंडाजीनं दहाव्याला पिंडाला हात जोडले ते शेवटचे, नंतर मुलाचं नाव घरात काढू दिलं नाही. "मरायचीच हौस व्हती तर गाडी कशापायी घेऊन दिली मी," एवढं एकदाच बोलला. नथूचा फोटो त्यानं भिंतीला लावू दिला नाही. नथूची बायको मुक्ताबाई सासऱ्याच्या घरी राहून शेतात राबत होती, आणि पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलत होत्या. मोडक्या गाडीबद्दल कोंडाजीनं निरोप धाडला होता, की ते लोखंड माझ्या दारात नको. म्हणून गाडी गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडून राहिली.

त्या ताडपत्रीकडं बहिरू पाठ करून काम करायचा. धुक्याचे दिवस आले की त्याला घाटाकडून फटफटीचा आवाज यायचा. दुसऱ्या गिअरातला, जड, आवरलेला आवाज. गाडी वळणावळणानं वर येतेय, आता दारात थांबेल, म्हणून तो हातातलं काम सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. गाडी यायची नाही, आवाज मात्र कितीतरी वेळ तेवढ्याच अंतरावर घुमत राहायचा. मिस्त्री विचारायचा, कुणाची वाट बघतोस? बहिरू म्हणायचा, कुणाची न्हाई.

आणखी एक झालं. त्यानं साबणाला हात लावणं सोडलं. तसल्याच काळ्या हातांनी तो वाडीवर जायचा, भाकरी खायचा. त्याची बायको गंगी सुरुवातीला रागावली, मग रागावणं सोडलं. तिनं ओळखलं होतं की नवऱ्याला काहीतरी झालंय. पण काय, ते तो बोलत नव्हता.

अडुसष्टच्या पावसाळ्याअखेर बाजीराव शेलार गॅरेजात आला. बाजीराव जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, पण मावळातली सगळी गावं त्याला डॉक्टरच म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक जुनी फौजी फटफटी त्याच्याकडं होती. त्या गाडीवर सुया-औषधांची पेटी बांधून तो गोठे धुंडाळत फिरायचा.

"बहिरू, हिला नवी घड्याळं बसव," तो म्हणाला. "रस्त्याला आता सगळे किलोमीटरचे दगड लागले, आणि माझं घड्याळ मैलातच मेलंय. विजेचा काटा तर हिला मुळातच नाही. परवा शिळिंब्याच्या वाटेला बॅटरी संपली, ते दिवा गेल्यावर कळलं."

मिस्त्री आतून म्हणाला, "मागच्या गाडीची काढ की. काचसुद्धा तडकलेली नाही."

"ती नगं, भाऊ," बहिरू म्हणाला.

"का?"

 बहिरू पाना घेऊन मागं गेला आणि दोन वर्षांनी त्यानं ती ताडपत्री उचलली.

काम तीन दिवस चाललं. जुन्या गाडीच्या दिव्यावर घड्याळांना जागाच नव्हती, म्हणून बहिरूनं तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून हँडलवर बसेल अशी पट्टी केली. पट्टीत दोन भोकं पाडून ती कानसीनं गोल केली. चाकाची गती नव्या घड्याळापर्यंत नेणाऱ्या केबलचं टोक जुन्या चाकाच्या खाचेत बसेना, तेव्हा लोणावळ्याच्या लेथवर जाऊन पितळेची छोटी नळी करून आणली. छोट्या घड्याळाच्या वायरी जोडल्या तर काटा उलटाच पळाला, कारण जुन्या गाडीची बॅटरी उलट बांधणीची. त्यानं वायरींची अदलाबदल केली.

मोठ्या घड्याळाचा काटा अजून नव्वदवरच होता. बहिरूनं काच काढली. काटा तबकडीला घासून अडकला होता. शिवणाच्या सुईनं त्यानं तो अलगद सोडवला, तसा काटा शून्यावर आला. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं घड्याळ हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर जोरात आपटलं. काटा उसळून वर गेला आणि अडकला, ऐंशीच्या पुढं. पुन्हा सोडवला, पुन्हा आपटलं. या वेळी नव्वदच्याही पलीकडं जाऊन बसला.

घड्याळ त्यानं मांडीवर ठेवलं. गाडी दगडावर आपटली तेव्हा हेच झालं होतं. एका जागी उभ्या गाडीला घण घातला असता तरी काटा नव्वद दाखवून बसला असता. आणि या काट्याच्या साक्षीवर साऱ्या मुलखानं नथूला दोष दिला होता. ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो दोन वर्षं नट आवळत बसला होता.

त्यानं काट्याचा बाक काढला, घड्याळ बसवलं आणि चौथ्या दिवशी दुपारी गाडी तपासायला बाहेर काढली. कार्ल्यापर्यंत जायचं आणि दगड मोजत यायचं. घड्याळ दगडांपेक्षा थोडं कमी मोजत होतं, पण चालण्यासारखं होतं. परत येताना लोणावळ्याच्या अलीकडं धुकं उतरलं. दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी समोरचं दिसेना. बहिरूनं दिवा लावला. छोट्या घड्याळाचा काटा डावीकडं कलला, जसा कलायला हवा तसा.

लोणावळ्याचा बाजार मागं टाकल्यावर एका खड्ड्यात चाक गेलं आणि काटा थरथरला. मग तो एकदम मधोमध येऊन पडला. दिवा गेला.

बहिरूनं ब्रेक दाबला. समोर नुसता पांढरा पडदा. हातभर अंतरावर रस्ता आहे का खड्डा तेही कळेना. मग काटा पुन्हा कलला, दिवा लागला, पुन्हा गेला. आणि कानाशी बोलावं तसा नथूचा आवाज त्याला आला. काटा मधोमध येऊन पडतोय, बहिरू. आवाजात राग नव्हता. जरा बघ रं, एवढंच त्यात होतं.

बहिरू गाडीवरून खाली उतरला. गाडीवर पुन्हा बसायचा धीर त्याला झाला नाही. तिथून खंडाळ्यापर्यंत त्यानं ती जड फौजी गाडी ढकलत आणली. सगळ्या वाटेत त्याला वाटत होतं की आपल्या मागून आणखी कुणीतरी ढकलतंय, गाडी तेवढी हलकी लागतेय.

घरी गेल्यावर त्यानं गंगीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. हात धुतल्याचंही. ऐकताना तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"त्येंचा जीव त्या काट्यात अडकलाय," ती शेवटी म्हणाली. "वाघजाईला नारळ फोडू. पर नुसत्या नारळानं भागायचं न्हाई. त्येंच्या घरी जाया पायजे तुमी."

पहाटे दोघं वाघजाईला जाऊन आली. तिथून बहिरू थेट गॅरेजात गेला, गाडी उन्हात घेतली आणि छोटं घड्याळ उलटं केलं. वायर धरणारा बाहेरचा नट घट्ट होता, त्यानं स्वतःच आवळलेला. पण त्या नटाच्या खाली, घड्याळाच्या अंगाला लागून, दुसरा एक बारीक नट असतो. त्यानं नखानं तो ढकलला. नट फिरला.

सगळी वीज त्या एका खुंटातून, म्हणजे वायर जोडायच्या पितळी दांडीतून, जायची. आतला नट ढिला म्हणजे खुंट हलणार. खुंट हलला की काटा पडणार, बॅटरी तुटणार आणि दिवा जाणार. धीम्या गतीत इंजिनावर फिरणाऱ्या डायनमोच्या नुसत्या विजेवर दिवा टिकत नाही. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता. तो आपलंच दुखणं सांगत होता.

आणि तो नट ढिला कसा झाला, हेही बहिरूला ठाऊक होतं. बाहेरचा नट सोडवताना आतला पकडीनं धरून ठेवायचा असतो. घाईत धरला नाही की खुंटच फिरतो आणि आतला नट सैल होतो. नथू गेला त्याच्या आदल्या दिवाळीत त्याच्या गाडीची वायर बहिरूनंच बदलली होती. तेव्हा नट धरला होता का? आठवेना. मोडक्या गाडीवरून आता घड्याळ काढलं तेव्हा धरला होता का? तेव्हाचंही धड आठवेना. नट त्या दिवाळीत ढिला झाला की आत्ता? त्यानं पुष्कळ डोकं चालवलं. पण नथूनं तर तेव्हाच सांगितलं होतं काटा पडतो म्हणून. विचार फिरून फिरून तिथंच येऊन थांबायचा.

त्यानं मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन वर्षं झाली, बहिरू. मेलेला माणूस काही उठून येणार नाही. आणि पाटी माझ्या नावाची आहे. नट आवळ आणि गाडी देऊन टाक."

बहिरूनं नट आवळला. पण बाजीराव गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं हँडल सोडलं नाही.

"डॉक्टर, ही घड्याळं नथू मुऱ्ह्याची हायेत," तो म्हणाला, आणि मग मिस्त्रीच्या देखत सगळं बोलला.

बाजीराव पट्टीवरच्या दोन तबकड्यांकडं पाहत राहिला. "त्याच्या घरी सांगितलंस?"

"न्हाई."

"मी आत्ता सोमाटण्यालाच चाललोय. कोंडाजी आबांच्याच म्हशीला सुई द्यायचीय." त्यानं गाडी चालू केली. "बस मागं."

सोमाटण्यापर्यंत बहिरू बाजीरावाच्या खांद्यावरून काट्याकडं बघत आला. काटा एकदाही पडला नाही.

कोंडाजी पडवीत बाजेवर बसला होता. मुक्ताबाई गोठ्यात म्हशीचं दावं धरून उभी होती. तिशीच्या आतली बाई, पण चेहरा कोरडा झालेला. बाजीराव सुई उकळायला बसला तेवढ्यात बहिरू गोठ्याच्या दाराशी गेला.

"वैनी, मी खंडाळ्याचा बहिरू. गॅरेजातला. नथूभाऊ जाताना माज्याकडं थांबले व्हते."

तिनं दावं खुंट्याला बांधलं. "बोला."

तो बोलला. काटा, दिवा, साबणाचे हात, काहीच मागं ठेवलं नाही. गाडी दुसऱ्या गिअरात होती म्हणाला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"म्हंजी काय?"

"म्हंजी हळू. उतारावर बैलं आवरून धरत्यात, तसं."

"म्हंजी ते जपून चालवत व्हते?"

"व्हय. लय जपून."

मुक्ताबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "दोन वर्सं मी ह्या घरात मान खाली घालून वावरले. दारुड्याची बायकू म्हनून ऐकून घेतलं. तू कुटं व्हतास तवा?"

"हितंच. खंडाळ्यात," बहिरू म्हणाला.

पडवीतून कोंडाजी कधी उठला ते कळलं नाही. तो अंगणात गाडीपाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मोठ्या घड्याळाच्या काचेवरून त्यानं अंगठा फिरवला, जसा कुणी मुलाच्या कपाळावरून फिरवतो.

"हे गावाम्होरं सांगशील?" त्यानं विचारलं.

"सांगतो, आबा."

त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, देवळापुढं माणसं जमली. डोंगरवाडीचा एकटा माणूस गावच्या कारभाऱ्यांपुढं उभा राहून बोलला. गिअर कसा, काटा कसा, ते त्यानं घड्याळ काढून हातावर आपटून दाखवलं. बोलणं संपल्यावर कोंडाजीचा चुलतभाऊ पुढं आला आणि त्यानं बहिरूच्या तोंडात मारली. बहिरूनं हात वर केला नाही. दुसरी बसणार तेवढ्यात कोंडाजी मधे आला.

"हात खाली घे. त्यो आपल्या पायानं आलाय."

बातमी बहिरूच्या आधी खंडाळ्यात पोचली. मिस्त्री भांडला नाही. बहिरूची हत्यारं त्यानं एका पोत्यात बांधून दाराशी ठेवली होती, एवढंच. बहिरूनं वलवणच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या चहाच्या टपरीत स्वतःचं काम मांडलं. पहिलं वर्ष वाईट गेलं. याच्या हलगर्जीनं माणूस मेला म्हणून गिऱ्हाईकं लांबूनच जायची. गंगी बंगल्यांतली धुणी करू लागली. मग हळूहळू, ज्यांच्या गाड्या दुसऱ्या कुणाला सुधरेनात, ते यायला लागले.

धुक्यातला आवाज गेला नाही. तो पुढंही यायचा, तसाच जड, तसाच कुठंच न पोचणारा. बहिरूनं त्याच्याविषयी कुणाकडं तक्रार केली नाही. गंगीनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "येऊ दे. त्याला दुसरं कोन हाय ऐकाया."

पुढच्या चैत्रात एक दिवस बाजीरावाची गाडी टपरीपुढं थांबली. मागं कोंडाजी बसला होता. म्हातारा हळूच उतरला, काठी टेकत आत आला आणि म्हणाला, "मला त्यो काटा दाखव."

बहिरूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाजीरावानं मान हलवली. मग बहिरूनं गाडी सावलीत घेतली, दिवा लावला, घड्याळ पट्टीतून सोडवून कोंडाजीच्या हातात दिलं आणि आतला नट पकडीनं अर्धा फेर मागं फिरवला. खुंट बोटानं एका बाजूला ढकलला. काटा मधोमध येऊन पडला. दिवा विझला.

कोंडाजीनं स्वतःच्या बोटानं खुंट परत जागी दाबून धरला. दिवा लागला. बोट काढलं. विझला. किती वेळ तो तेच करत राहिला. दोघांपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही.

"एवढ्यानं," शेवटी तो म्हणाला.

"व्हय, आबा."

"आवळ आता."

बहिरूनं आतला नट पकडीत धरला आणि बाहेरचा आवळला. म्हाताऱ्यानं आपल्या बोटानं खुंट हलवून पाहिला. हलला नाही. मग तो टपरीच्या फळीवर बसला. गंगीनं तांब्याभर पाणी आणून दिलं, ते प्यायला.

"मुक्तानं फोटो लावलाय भिंतीला," तो म्हणाला. "मी न्हाई म्हनालो न्हाई." मग म्हणाला, "तुज्यावर माजा राग हाय, बहिरू. त्यो जायाचा न्हाई. पर पोरावरचा गेला. त्यो राग लय जड व्हता रं."

बहिरूनं घड्याळ पट्टीत बसवलं आणि फडक्यानं काच पुसली. बाजीरावानं गाडी चालू केली. कोंडाजी मागं बसला, धोतराचा सोगा आवरला आणि काठी मांडीवर आडवी घेतली. जाताना त्यानं बाजीरावाच्या खांद्यावरून पुढं वाकून एकदा काट्याकडं पाहिलं, आणि गाडी वडगावच्या दिशेनं निघून गेली.